लेकीला ‘रेंजर’ व्हायचंय : तिला हे काम नेमकं कसं दाखवू?

सांजवेळ (नाशिक)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मे महिन्यात आम्ही ताडोबाला गेलो होतो. लेक दहा वर्षांची, आता पाचवीत गेली. तीन फेऱ्यांत वाघ एकदाच दिसला, तोही पाण्यात बसलेला, पाठमोरा. जिप्सीतले सगळे उभे राहिले, फोटो झाले. पण रात्री खोलीवर आल्यावर पोरगी बोलत होती भलत्याच गोष्टीबद्दल. सकाळी रस्त्याच्या कडेला खाकी कपड्यातल्या एक बाई दिसल्या होत्या. बरोबर दोन माणसं, हातात काठी, काखेत वही. तिघं खाली वाकून मातीत काहीतरी मोजत होती. आमची जिप्सी दोन मिनिटांत पुढे गेली, ही मात्र मान वळवून बघत राहिली. मग मला विचारते, “आई, आपल्याला गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. मग त्या कशा उतरल्या?”

मी म्हटलं, त्यांचं कामच आहे ते. त्यावर पुढचा प्रश्न, काय काम? मला सांगता येईना. मी बँकेत नोकरी करते, घरात तीन पिढ्यांत वनखात्यात कुणी नाही. तेव्हापासून “मी रेंजर होणार” हे सुरू आहे. आजोबा हसण्यावारी नेतात. मला तसं करायचं नाही. दहा वर्षांच्या मुलीचं करिअर आज ठरवायचं नाही हे मलाही कळतं, पण तिला जे पाहावंसं वाटलं ते नीट पाहायला मिळावं एवढं वाटतं. वाघाचे व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. त्या बाई खाली उतरून काय करत होत्या, हे तिला कसं दाखवू? खात्यातलं कुणी असेल तर कृपया लिहा.

---

धावडा (चंद्रपूर)

ताई, मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. वनरक्षक म्हणून लागलो तेव्हा वय तेवीस. तुमच्या पोरीचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्या सगळ्या नोकरीचं सार त्यातच आहे. बाकीचे गाडीतून पाहतात, आमचा माणूस खाली उतरतो.

आधी नावं सांगतो. लोक खाकी दिसली की रेंजर म्हणतात, तसं नसतं. जंगलाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे नियतक्षेत्र, बोलताना आपण बीट म्हणतो. त्याचा धनी वनरक्षक. काही बीटं मिळून एक वर्तुळ होतं, ते वनपालाकडे. वर्तुळं मिळून वनपरिक्षेत्र म्हणजे रेंज, तिथला अधिकारी तो रेंजर, कागदावर वनपरिक्षेत्र अधिकारी. त्याच्या वर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक असं चढत जातं. तुम्हाला दिसल्या त्या बहुतेक वनरक्षक असाव्यात आणि सोबतचे दोघं वनमजूर. वनमजुराला विसरू नका. तो त्याच गावचा असतो, त्याला जंगल पाठ असतं. मला पहिली दोन वर्षं जे शिकवलं ते एका गोंड वनमजुराने. त्याला सही यायची नाही, पण सांबराची वाळलेली लेंडी हातात घेऊन किती दिवसांची ते सांगायचा. आणि जिप्सीत तुमच्यापुढे बसलेला पोरगा गाईड, तो खात्याचा नोकर नव्हे. बहुतेक गाईड आजूबाजूच्या गावांतलेच असतात, आता त्यात बायकाही आहेत.

त्या बाई काय मोजत होत्या? पाऊलखूण असणार. पूर्वी काचेवर पगमार्क उतरवून, प्लास्टरचे ठसे घेऊन वाघ मोजायचे. मीही केलंय ते काम. आता मोजणी कॅमेऱ्यावर होते, कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. तरी पाऊल पाहणं थांबलेलं नाही. कोणत्या वाटेने गेला, कधी गेला, सोबत पिल्लं आहेत का, कॅमेरा कुठे लावायचा, हे पायाच्या खुणाच सांगतात. मांजरकुळातल्या जनावराची नखं मातीत उमटत नाहीत, चालताना आत असतात. कुत्र्याची उमटतात. एवढं एक जरी पोरीला दाखवलं तरी ती रस्त्यावर खाली बघून चालायला लागेल.

पण ताई, वाघ हा आमच्या कामाचा लहानसा भाग. खरा कस लागतो उन्हाळ्यात. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा घ्यायच्या, म्हणजे पट्टे साफ करून, आतला पालापाचोळा आपणच सांभाळून जाळून टाकायचा, पुढे आग आली तर तिथे अडावी म्हणून. मोहफुलं पडायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाला पेटवतात, फुलं दिसावीत म्हणून. त्यांचंही पोट त्यावरच आहे. मग पहाटे जाऊन विनवायचं की बाई, झाडून घे, पेटवू नको. दंड करता येतो, पण दंड केला की पुढच्या वर्षी वणवा लागल्यावर त्या गावातून एक माणूस येत नाही विझवायला. आता डेहराडूनहून उपग्रहाचा संदेश मोबाइलवर येतो की अमुक ठिकाणी आग आहे. विझवायला मात्र पायीच जावं लागतं, पाठीवर ब्लोअर घेऊन, नाहीतर हिरव्या फांद्यांनी झोडपत. एप्रिलच्या दुपारी, चंद्रपूरच्या उन्हात.

आणि लिखापढी. गस्तीची नोंद, गुन्ह्याचा अहवाल, जप्तीचा पंचनामा, रोपवनातली जिवंत-मेलेली रोपं. पूर्वी डायरी होती, आता व्याघ्र प्रकल्पात एम-स्ट्राइप्स नावाच्या ॲपवर चाललेली वाट आपोआप उमटते. पंचनामा ढिला लिहिला तर न्यायालयात गुन्हेगार सुटतो. म्हणून पोरीला सांगा, पाहिलं ते त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून लिहायचं. ही सवय आत्ता लागली तर पुढे कुठेही कामाला येईल.

---

डेनव्हरकर

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतला ‘ज्युनिअर रेंजर’ प्रकार सांगते. उद्यानाच्या माहिती केंद्रात मुलांसाठी एक पुस्तिका मिळते. त्यातली कामं मुलांनी तिथे फिरून करायची : एखाद्या झाडाचं चित्र, ऐकलेले आवाज, रेंजरला विचारलेला एखादा प्रश्न. मग पुस्तिका रेंजरकडे न्यायची. तो ती खरोखर वाचतो, उलटे प्रश्न विचारतो, मग उजवा हात वर करून शपथ आणि बिल्ला. आम्ही रॉकी माउंटन उद्यानात नेलं तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता. शपथेत तो एका ओळीला अडखळला तर रेंजर थांबला आणि ती ओळ पुन्हा सावकाश म्हणून दाखवली. मुलाला बिल्ल्याचं कौतुक होतंच, पण हॅट घातलेला मोठा माणूस आपलं लिहिलेलं वाचतो याचं जास्त होतं.

तुम्ही स्वतः अशी चार पानं करून नेली आणि कुण्या वनरक्षकाला पाच मिनिटं बघायला सांगितलं, तर नाही म्हणतील असं वाटत नाही.

---

बीटवरची

सध्या सेवेत आहे म्हणून जिल्हा लिहीत नाही. वनरक्षक आहे, आठवं वर्ष.

धावडा काकांनी सगळं बरोबर लिहिलंय. मी फक्त बाईच्या बाजूचं सांगते, कारण मुलगी आहे.

पहिली नेमणूक मिळाली तेव्हा बीटातल्या गावात मला कुणी ‘गार्ड’ म्हणेना. मजुरांना वाटायचं, ही महिन्याभरात बदली मागणार. पहिली रात्रगस्त मला अजून आठवते. पायाखाली सागाची पानं एवढी वाजतात की वाटतं सगळ्या जंगलाला आपण दिसतोय. एका ठिकाणी थांबलो, टॉर्च बंद केला, आणि आमच्यातले वयस्कर मजूर हळूच म्हणाले, “मॅडम, आता ऐका.” अर्धा तास नुसतं ऐकत बसलो. लांब चितळ ओरडलं, मग सांबर. चितळ कशालाही बिचकतं, पण सांबर ओरडलं की काहीतरी आहे असं समजायचं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला येईल.

म्हणून ताई, लेकीला ऐकायला शिकवा. पहाटे पाच वाजता गच्चीत दहा मिनिटं बसवा, डोळे मिटून. किती आवाज, कुठून, कोणते वाढले, कोणते एकदम थांबले. खर्च काही नाही. सुरुवातीला कंटाळेल, तरी बसवा.

आता न सांगितलं तर खोटं होईल असं एक. काम धोक्याचं आहे. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पाहणीत पायी चालताना आमची एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आम्ही सगळ्यांनी त्या हिवाळ्यात तीच पाहणी आपापल्या बीटात केली. दर वर्षी ११ सप्टेंबरला आम्ही वनशहीद दिन पाळतो. १७३० मध्ये त्या दिवशी राजस्थानात खेजडलीला अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी खेजडीची झाडं वाचवताना प्राण दिले, म्हणून तो दिवस. मुलीला हे सांगायला घाबरू नका. दहा वर्षांच्या मुलांना खरं सांगितलेलं कळतं, आणि आवडतंही. फक्त त्याच्याबरोबर हेही सांगा की आम्ही धाडस दाखवायला जात नाही. वाघ वाटेत बसला असेल तर आम्ही थांबतो, मागे येतो, वाट बदलतो. मागे येणं हे आमच्या शिकवणीत आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती सासूबाईंकडे तालुक्याला राहते. आठवड्याने भेटते. बीटावर शाळा नाही. हा भाग कोणत्याही पुस्तिकेत नसतो.

---

काळी_माती (सिंदेवाही तालुका)

सगळ्यांचं वाचलं. आता जंगलाच्या काठावरच्या माणसाचंही ऐका.

आमची भाताची शेती. नाशिक-पुण्याच्या पोरांना वाघ म्हणजे आनंद. आमच्या पोरांना वाघ म्हणजे संध्याकाळी सहानंतर अंगणाबाहेर जायचं नाही. माझी गाय गेली दोन वर्षांपूर्वी. धानात रानडुकरं येतात ती वेगळी. आमच्यासाठी वनरक्षक म्हणजे पंचनाम्याला येणारा माणूस. तो वेळेवर आला, नीट बोलला, कागद बरोबर केले, तर गाव शांत राहतं. उशिरा आला आणि वरून आवाज चढवला, तर त्याच रात्री कुणाच्या डोक्यात विजेच्या तारेचा विचार येतो. तारेत वाघ मरतो, कधी माणूसही मरतो. मी बघितलंय.

तेव्हा ताई, मुलीला हे काम दाखवायचं तर फक्त झाडं-जनावरं दाखवू नका. ज्याची गाय मेली त्याच्या अंगणात बसून त्याचं ऐकून घेणं हे पण त्याच नोकरीत येतं. माझ्या मते तेच मोठं काम आहे.

आणि हो, माझ्या मोठ्या पोराला वनरक्षकच व्हायचंय. गाय गेली तेव्हा पंचनाम्याला जो गार्ड आला होता, तो आमच्या म्हातारीजवळ तासभर बसला होता. पोरगं तेव्हापासून म्हणतंय.

---

धावडा

काळीमाती भाऊ, तुम्ही बोलला ते मी माझ्या लिहिण्यात आधीच घालायला पाहिजे होतं. ३४ वर्षांत मी वाघ किती पाहिले ते आठवत नाही. अंगणं मात्र एकेक आठवतात.

---

खडू_फळा (जिल्हा परिषद शाळा)

मी शिक्षक आहे. सांजवेळ ताईंना घरी किंवा शाळेत करता येईल असा एक उद्योग सांगतो. माझ्या शाळेत तिसरी ते पाचवीची मुलं गेली चार वर्षं करतात.

कुंपणाच्या आत, जिथून रात्री जनावरं येत-जात असतील अशा जागी साधारण दोन हात लांब, दोन हात रुंद जागा उकरायची. खडे काढायचे. माती चाळणीतून चाळून दोन बोटं जाडीचा थर द्यायचा, वरून हाताने किंवा पाटीने हलकेच सपाट करायचं. फार दाबायचं नाही. संध्याकाळी थोडं पाणी शिंपडलं तर ठसा चांगला उठतो. सकाळी शाळा भरण्याआधी मुलांनी यायचं आणि पाहायचं. वनखातेसुद्धा जंगलवाटांवर असेच मातीचे पट्टे करतं.

पहिल्या आठवड्यात आम्हाला कुत्रं, मांजर, कोंबडी, बेडूक आणि मुख्याध्यापकांची चप्पल मिळाली. मुलांनी चप्पलसुद्धा मापून लिहिली, कारण मी सांगितलं होतं की जे दिसेल ते लिहायचं, आपल्याला हवं तेच नाही. दुसऱ्या आठवड्यात मुंगूस. पाच बोटं, बारीक नखं. चौथीतल्या एका मुलीने ते ओळखलं. वर्गात ती कधी हात वर करत नसे. नंतर तिला मातीच्या पट्ट्याची प्रमुख केलं. आता मला शंका आली की मी तिला विचारतो.

वहीत पाच रकाने : तारीख, वेळ, लांबी-रुंदी, दिशा कोणती, अंदाज काय. अंदाज शेवटी. मुलं अंदाज आधी लिहायला धावतात, तिथे अडवायचं.

दुसरं, आमच्या गावाला लागून वनविभागाची रोपवाटिका आहे. दर पावसाळ्यात तिथल्या वनमजूर मावशी मुलांना पिशवीत माती भरायला शिकवतात. ऐन, बेहडा, करंज, बांबू. मावशींनी मुलांना ऐनाच्या सालीवरून हात फिरवायला लावला, मगरीच्या पाठीसारखी लागते म्हणाल्या. त्यापैकी निम्म्या मुलांना आता साल चाचपून झाड सांगता येतं. अशा रोपवाटिका बऱ्याच ठिकाणी असतात, परवानगी विचारून बघा.

---

पहाट_धाव

मी भरतीची तयारी करतोय, म्हणून व्यवहाराचं लिहितो. मुलगी लहान आहे, पण पालकांना माहीत असलेलं बरं.

वनरक्षक व्हायला बारावी लागते, त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीची सवलत आहे. लेखी परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता. मग धाव : मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर. शिवाय चालण्याची चाचणी : चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर, स्त्रियांना १६. रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी व्हायचं तर पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा. प्रशिक्षणाच्या प्रबोधिनी सांगली जिल्ह्यात कुंडलला आणि चंद्रपूरला आहेत. भारतीय वनसेवा केंद्रीय लोकसेवा आयोगातून, तिचं प्रशिक्षण डेहराडूनला.

गेल्या भरतीत माझं लेखी चांगलं गेलं आणि धावेत गुण गेले. मी डांबरी रस्त्यावर सराव केला होता, मैदान मातीचं निघालं. जागा थोड्या, अर्ज लाखांत. माझ्या अभ्यासिकेतले बरेच जण पोलीस, तलाठी, वनरक्षक असे सगळेच फॉर्म भरतात, जे लागेल ते. त्यांना मी नावं ठेवत नाही, घराची गरज असते. पण चौकीवर पहिल्या पावसाळ्यात टिकायला जंगलाची ओढ आधीपासून असावी लागते असं सगळे जुने गार्ड सांगतात. तुमच्या मुलीकडे ती दहाव्या वर्षी आहे. तिला रोज चालवा. मातीवर.

---

रानजाई

मारुती चितमपल्ली यांचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? सोलापूरचा मुलगा कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकला, ३६ वर्षं वनखात्यात राहिला, आणि पारधी, गोंड, कोरकू यांच्याकडून झाडापाखरांचे शब्द गोळा करत गेला. जून २०२५ मध्ये ते गेले. नोकरी करता करता माणूस केवढा अभ्यास करू शकतो हे मुलीला त्यांच्याकडे पाहून कळेल. ताई, तिच्या वहीत एक रकाना स्थानिक नावांचाही ठेवा. एकाच झाडाला तुमच्याकडे काय म्हणतात आणि मेळघाटात काय.

---

सांजवेळ

सहा महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा करा. तुमची प्रत्येक ओळ घरात मोठ्याने वाचली गेली. बीटवरची ताईंचं वाचून लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांची मुलगी आठवड्याने भेटते तेव्हा त्या तिला काय सांगत असतील?” तुम्हाला जमलं तर खरंच लिहा, ती विचारते अधूनमधून.

ताडोबा लांब पडतं, म्हणून आम्ही जवळचं शोधलं. नांदूर मधमेश्वर निफाड तालुक्यात, घरापासून तासाभरावर. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. आणि दहा वर्षं नाशिकमध्ये राहून मी एकदाही गेले नव्हते! नोव्हेंबरपासून चार वेळा गेलो. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, तिथे पहाटे बसायचं. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या ही नावं आता आजोबांनाही पाठ झाली आहेत. दुसऱ्या खेपेला ते स्वतःहून गाडीत बसले.

डेनव्हरकर ताईंसारखी चार पानं केली होती. तिथल्या वनरक्षक दादांनी ती पूर्ण वाचली. तिने ‘बदक’ लिहिलं होतं तिथे बोट ठेवून म्हणाले, “कोणतं?” तिला सांगता आलं नाही. दादांनी त्यांची दुर्बीण तिच्या हातात दिली आणि चोच बघायला लावली. फावड्यासारखी चोच. पंधरा मिनिटं ती हलली नाही. मग तिने त्यांना विचारलं, तुमचं सगळ्यात अवघड काम कोणतं? ते म्हणाले, उसातल्या बिबट्याचा फोन आला की जमलेल्या माणसांना मागे सरकवणं. बिबट्या जायला वाट शोधत असतो, माणसं ती बंद करतात. मला काळीमाती दादांची आठवण झाली.

सोसायटीत मागच्या भिंतीलगत मातीचा पट्टाही केला आहे. सुरुवातीला लोकांनी विचारलं हे काय, आता तीन मुलं सकाळी येतात. रकाने पाचच्या ऐवजी सहा, रानजाई ताईंच्या सांगण्यावरून.

आता प्रश्न. गेल्या रविवारी नांदूरला बांधावरच्या ओल्या मातीत ठसे मिळाले. तिच्या वहीतून जसंच्या तसं : “चार बोटं. नखं दिसतात. लांबी साडेपाच सेंटिमीटर, रुंदी चार. एकामागे एक, सरळ रेषेत, अकरा पावलं, मग गवत. अंदाज : कुत्रा? पण कुत्रा इतका सरळ चालत नाही.” धावडा काका, काय असेल?

---

धावडा

पोरीला सांगा, शेवटचं वाक्य फार चांगलं लिहिलं. कुत्रं हुंगत, वाकडंतिकडं जातं. निमुळतं पाऊल आणि सरळ रेष म्हणजे मला कोल्हा वाटतो. पण फोटो नाही, म्हणून पक्कं सांगत नाही. पुढच्या वेळी पुढच्या पायाचा ठसा शोधायचा आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या बघायच्या. मागच्या बाजूला एकमेकींना चिकटल्यासारख्या असल्या तर कोल्हा, सुट्या असल्या तर पुन्हा विचार करू. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि ऊन तिरपं असताना काढा, सकाळी आठच्या आत. ठशावर पाय न देता बाजूने चालायचं.